‘वागणुकीत बदल नाही’ म्हणणारा पॅच तपासताना

मेमरी मॅनेजमेंटमधल्या रिफॅक्टरिंग पॅचच्या (काम तेच ठेवून कोडची रचना बदलणाऱ्या बदलाच्या) कमिट मेसेजमध्ये, म्हणजे सोबतच्या टिपणात, शेवटी हमखास एक वाक्य असतं: ‘वागणुकीत बदल करण्याचा हेतू नाही.’ हेतू नाही यावर माझा पूर्ण विश्वास असतो. बदल नाही, हे मात्र तपासावं लागतं, आणि ते तपासायची जागा बहुतेक वेळा डिफच्या, म्हणजे बदललेल्या ओळींच्या यादीच्या, बाहेर असते.

हे कशावरून म्हणतो ते आधी सांगतो. २०२० मध्ये लिनक्सच्या ५.८ आवृत्तीत पाइपच्या (एका प्रोसेसचा डेटा दुसरीकडे नेणाऱ्या नळीच्या) कोडची साफसफाई झाली. पाइपमधल्या प्रत्येक बफरला ऑपरेशन्सच्या तक्त्याकडे नेणारा एक पॉइंटर असतो. ‘या बफरमध्ये आणखी डेटा जोडला तर चालेल का’ हे तोवर त्या पॉइंटरवरून ठरायचं. म्हणजे एकसारखेच तक्ते निव्वळ खूण म्हणून वेगवेगळ्या नावांनी ठेवले होते. साफसफाईत ते एक केले आणि खूण बफरच्या फ्लॅग्जमध्ये नेली. कोड सुटसुटीत झाला.

पण बफर भरणाऱ्या दोन जुन्या फंक्शनांमध्ये फ्लॅग्ज शून्य करायचे २०१६ पासून राहूनच गेले होते. इतकी वर्षं काही बिघडलं नाही, कारण पॉइंटर दर वेळी नव्याने लिहिला जायचा आणि या कामासाठी फ्लॅग्जना कोणी विचारत नव्हतं. आता विचारायला लागले. आधीच्या वापरातला ‘जोडलं तर चालेल’ हा फ्लॅग तसाच उरलेल्या बफरमध्ये स्प्लाइस या सिस्टिम कॉलमार्फत पेज कॅशमधलं (फाइलच्या मेमरीतल्या प्रतीमधलं) पेज येऊन बसायचं, आणि पाइपमध्ये लिहिलेला डेटा थेट त्या पेजमध्ये जायचा. फाइल फक्त वाचायची परवानगी असली तरीही. मार्च २०२२ मध्ये हे ‘डर्टी पाइप’ या नावाने जाहीर झालं. दुरुस्ती दोन ओळींची होती: त्या दोन फंक्शनांत फ्लॅग्ज शून्य करा.

साफसफाईचा तो डिफ ओळ न् ओळ वाचला असता तरी चूक हाती लागली नसती. चुकलेली दोन फंक्शनं त्यात नव्हतीच.

पुढच्या पायऱ्या लिनक्स कर्नलचा एमएम (मेमरी मॅनेजमेंट) भाग डोळ्यांसमोर ठेवून लिहिल्या आहेत. दुसऱ्या एखाद्या ऑपरेटिंग सिस्टिमचा कोड असेल तर नावं बदलतील, पण लॉक, रेफरन्स काउंट (एखादी गोष्ट किती जण वापरताहेत याची मोजणी) आणि टीएलबी (पत्त्यांच्या भाषांतराचा सीपीयूमधला कॅश) तिथेही भेटतीलच.

१. डिफ उघडण्याआधी दावा लिहून काढा

कमिट मेसेज वाचा आणि पॅच काय करतो हे स्वतःच्या शब्दांत एका वाक्यात कागदावर उतरवा. ‘व्हीएमए जोडण्याचा कोड तीन ठिकाणी होता, तो एका फंक्शनात आणला’ असं. (व्हीएमए म्हणजे प्रोसेसच्या पत्त्यांच्या एका सलग पट्ट्याची नोंद.) वाक्यात ‘आणि शिवाय’ आलं की थांबा. कोड हलवणं, नावं बदलणं आणि तर्क बदलणं या तीन गोष्टी तीन वेगळ्या पॅचमध्ये हव्यात. एकत्र असतील तर तपासणी सुरूच करू नका, तोडून मागा. पाठवणारा कुरकुरतो, कुरकुरू द्या. सहाशे ओळी हलवताना मधेच बदललेली एक अट शोधण्यात तुमची संध्याकाळ जाते, त्यापुढे त्याचा अर्धा तास काहीच नाही.

मेसेजमध्ये ‘का’चं उत्तर आहे का हेही बघा. ‘कोड स्वच्छ होतो’ हे उत्तर मला पुरत नाही. एमएममधल्या प्रत्येक हलवाहलवीमुळे जुन्या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त्या नेणं अवघड होतं. तेवढी किंमत मोजून पुढे कशाची सोय होणार आहे, ते लिहिलेलं हवं.

२. यांत्रिक भाग यंत्राकडून तपासून घ्या

गिटच्या डिफला कलर-मूव्ह्ड हा पर्याय द्या. जशाच्या तशा हललेल्या ओळी वेगळ्या रंगात येतात. मोकळ्या जागेतला फरक दुर्लक्षित करायचा जोड-पर्याय दिला की इंडेंटेशन बदललेल्या ओळीही ओळखल्या जातात. जे उरतं ते माणसाने लिहिलेलं, म्हणून तेच आधी वाचायचं.

नाव बदलण्याचा पॅच असेल तर तो हाताने केला की कॉक्सिनेलने (कोडमधले बदल स्क्रिप्टने करणाऱ्या साधनाने), हे विचारा. ५.८ मध्येच एमएमॅप सेमाफोरच्या (प्रोसेसच्या पत्त्यांच्या नोंदी राखणाऱ्या लॉकच्या) थेट वापराच्या जागी नवी लॉक फंक्शनं आली, तेव्हा बहुतांश बदल कॉक्सिनेलच्या स्क्रिप्टने केले होते. अशी स्क्रिप्ट कमिट मेसेजमध्ये असेल तर ती आपल्याकडच्या सोर्स कोडवर चालवा आणि निघालेला निकाल पॅचशी ताडून पाहा. फरक निघाला तर तो हाताने केलेला भाग, आणि तपासणी तेवढ्याचीच उरते.

निव्वळ नावबदल असेल तर आणखी एक सोपी कसोटी आहे. पॅचच्या आधी आणि नंतर ऑब्जेक्ट फाइल बांधा, डीबग माहिती बंद ठेवा आणि दोन्हींचं डिसअसेम्ब्ली ताडून पाहा. मशीन कोड सारखाच निघायला हवा. वॉर्न आणि बग मॅक्रो ओळ क्रमांक साठवतात, म्हणून ओळी वरखाली झाल्या की तेवढा फरक दिसतो. त्याने दचकू नका. स्ट्रक्चरला हात लागला असेल तर पहोल (स्ट्रक्चरची मेमरीतली मांडणी दाखवणारं साधन) चालवून आकार बघा. ६४-बिट यंत्रावर स्ट्रक्ट पेज (एका पेजची कर्नलकडची नोंद) साधारण ६४ बाइटचं असतं आणि ४ केबीच्या प्रत्येक पेजमागे असं एक. म्हणजे १ जीबीमागे २,६२,१४४ नोंदी, १६ एमबी. ‘एकच तर फील्ड वाढवलं’ म्हणत आलेले आठ बाइट दर जीबीमागे २ एमबी खातात.

३. डिफमध्ये नसलेल्या ओळी शोधा

पॅचने माहितीची जागा बदलली आहे का, हा पहिला प्रश्न. एखादी गोष्ट पूर्वी पॉइंटरवरून कळायची ती आता फ्लॅगवरून कळते. पूर्वी लॉक धरलेलं असण्यावरून गृहीत होती ती आता पॅरामीटरने येते. पूर्वी शून्य म्हणजे ‘नाही’ होतं ते आता शून्य म्हणजे ‘हो’ झालं. यातलं काहीही दिसलं की त्या फील्डमध्ये लिहिणारी प्रत्येक जागा शोधून काढा. वाचणाऱ्या जागा पॅच लिहिणाऱ्याने पाहिलेल्या असतात, कारण बदल त्यानेच केलेला असतो. लिहिणाऱ्या जागा निसटतात.

नुसत्या ग्रेपवर (मजकूर शोधणाऱ्या साधनावर) विसंबू नका. मॅक्रोमध्ये नावाचे तुकडे जोडून तयार होणारी फंक्शनं ग्रेपला सापडत नाहीत. पेज फ्लॅग्जची सगळी फंक्शनं अशीच तयार होतात. शिवाय प्रत्येक आर्किटेक्चरच्या फोल्डरमध्ये डोकवा. आपल्या यंत्रावर न बांधली जाणारी फाइल कोणाच्या तरी यंत्रावर बांधली जातेच.

कोड फोलिओकडे (एक किंवा अनेक सलग पेजेस एकत्र हाताळणाऱ्या प्रकाराकडे) नेणाऱ्या पॅचमध्ये या पायरीचा एक खास प्रकार आहे. फोलिओ जानेवारी २०२२ च्या ५.१६ मध्ये आले, आणि पेज घेणारी फंक्शनं फोलिओ घेणारी करण्याचं काम तेव्हापासून चालू आहे. पूर्वीच्या फंक्शनाला ‘या मोठ्या पेजमधलं सातवं पेज’ मिळायचं. आता संपूर्ण फोलिओ मिळतो. सातवं ही माहिती वाटेत कुठे गेली? ती ऑफसेटच्या रूपाने पुढे दिली असेल तर ठीक. नसेल तर कोड दर वेळी पहिल्याच पेजवर काम करेल, आणि फोलिओ एकाच पेजचे असलेल्या सगळ्या चाचण्या हसतखेळत पास होतील.

४. लॉकचा हिशेब मांडा

इथे घाई करू नका. बदललेल्या प्रत्येक फंक्शनासाठी मी तीन गोष्टी लिहितो: आत येताना कोणतं लॉक हातात आहे, बाहेर जाताना कोणतं आहे, आणि मध्ये कुठे सुटतं का. तिसरी गोष्ट सगळ्यात घातक.

एक नमुना घेऊ. फॉल्ट (हव्या पत्त्यामागे पेज जोडलेलं नसणं) हाताळणारं एक लांबलचक फंक्शन होतं:

पुन्हा:
– रीड लॉक घे
– पत्त्यावरून व्हीएमए शोध
– परवानगी तपास
– फॉल्ट हाताळ
– ‘रीट्राय’ उत्तर आलं तर ‘पुन्हा’कडे जा
– लॉक सोड

पॅचने मधला भाग मदतनीस फंक्शनात काढला. आता मुख्य फंक्शन रीड लॉक घेतं, व्हीएमए शोधतं, ती मदतनिसाला देतं आणि शेवटी लॉक सोडतं. मदतनिसात असं आहे:

पुन्हा:
– परवानगी तपास
– फॉल्ट हाताळ
– ‘रीट्राय’ उत्तर आलं तर रीड लॉक घे, ‘पुन्हा’कडे जा

ओळी सगळ्या जागेवर आहेत, लॉक जितकं घेतलं तितकं सोडलंय. कलर-मूव्ह्डने तर यातल्या बहुतेक ओळी ‘नुसत्या हलल्या’ म्हणून रंगवल्या. पण ‘रीट्राय’ उत्तर येतं तेव्हा फॉल्ट हाताळणाऱ्याने लॉक आधीच सोडलेलं असतं. त्या फटीत दुसऱ्या थ्रेडने तो पट्टा अनमॅप केला की व्हीएमए मुक्त झाली, आणि मदतनिसाच्या हातात उरला मेलेला पॉइंटर. जुन्या कोडमध्ये ‘पुन्हा’ची खूण शोधण्याच्या वर होती, म्हणून तो वाचत होता. खूण दोन ओळी खाली सरकली, एवढाच बदल.

म्हणून नियम असा ठेवा: लॉक सुटून पुन्हा घेतलं जातं त्या प्रत्येक ठिकाणी, आधी मिळवलेला कोणता पॉइंटर नंतर वापरला जातो ते बोट ठेवून बघायचं. त्यातला एकही नव्याने शोधलेला नसेल तर विचारायचं.

दुसरा प्रश्न असा, की ज्या लॉकच्या भरवशावर जुना कोड उभा होता ते नव्या रचनेला पुरतं का? डिसेंबर २०२२ च्या ६.१ मध्ये व्हीएमए ठेवायला रेड-ब्लॅक ट्रीच्या जागी मेपल ट्री आलं. स्टॅक वाढवताना कर्नल फक्त रीड लॉक (अनेकांना एकाच वेळी धरता येणारं) धरायचा. जुन्या ट्रीत ते चालून जायचं, कारण व्हीएमएची सीमा जागच्या जागी बदलायची. मेपल ट्रीत काही परिस्थितीत आख्खा नोड बदलावा लागतो आणि जुना आरसीयूमार्फत (वाचणारे संपेपर्यंत थांबून मुक्त करणाऱ्या यंत्रणेमार्फत) मुक्त होतो. नुसतं रीड लॉक धरून ट्री वाचणारा आरसीयूच्या संरक्षणात नसतो, त्यामुळे तो मुक्त झालेल्या नोडवर चालत राहू शकायचा. २०२३ मध्ये ‘स्टॅकरॉट’ नावाने हे बाहेर आलं, आणि स्टॅक वाढवताना राइट लॉक घ्यायला लावून ते मिटवलं गेलं. स्टॅक वाढवणारा कोड जुनाच होता. त्याच्या पायाखालची जमीन बदलली होती.

बाकीचं पटकन सांगतो. लॉक घेण्याचा क्रम आरमॅप (rmap.c) फाइलच्या सुरुवातीच्या टिप्पणीत लिहिला आहे, तो शेजारी उघडा ठेवा. नवं मदतनीस फंक्शन स्पिनलॉकखाली (धरून झोपता न येणाऱ्या लॉकखाली) बोलावलं जात असेल तर त्याच्या पोटात झोपू शकणारं अलोकेशन आहे का बघा. ‘हे लॉक धरलेलं असायला हवं’ अशी टिप्पणी असेल तर तिच्या जागी लॉकडेपचं (लॉकचे नियम चालताना तपासणाऱ्या यंत्रणेचं) असर्ट मागा. टिप्पणी कोणी चालवत नाही.

५. रेफरन्स काउंट आणि अपयशाच्या वाटा

यशाची वाट सगळेच वाचतात. तुम्ही उलटीकडून वाचा: प्रत्येक रिटर्न आणि गोटूपासून वर जात, तोवर काय काय घेतलं होतं आणि काय सोडलं याची यादी करा. फंक्शन फोडलं की गोटूची लेबलं दोन जागी विभागली जातात, आणि एखादं सोडणं दोन्हीकडे होतं किंवा कुठेच होत नाही. मालकी कोणाकडे, हे नव्या फंक्शनाच्या नावावरून किंवा वरच्या टिप्पणीवरून कळायला हवं. अपयश आल्यावर फोलिओ बोलावणाऱ्याने सोडायचा की मदतनिसाने, याचं उत्तर पाच सेकंदांत मिळालं नाही तर टिप्पणी मागा.

या वाटा सहज चालवून पाहता येत नाहीत. नेहमीच्या जीएफपी कर्नल फ्लॅगने मागितलेलं छोटं अलोकेशन, म्हणजे सलग आठ पेजेसपर्यंतचं, व्यवहारात जवळपास अपयशी होतच नाही. कर्नल मेमरी मोकळी करत आणि पुन्हा प्रयत्न करत राहतो. त्यामुळे अपयशाचा कोड वर्षानुवर्षं एकदाही न चालता पडून असतो. तो चालवायला फॉल्ट इंजेक्शन (मुद्दाम अपयश घडवायची सोय) वापरा. थ्रेडच्या प्रोक फोल्डरमधल्या फेल-एनथ या फाइलमध्ये १ लिहून सिस्टिम कॉल करा, मग २, मग ३, असं अपयश टोचलं जाणं थांबेपर्यंत. एक खाचखळगा लक्षात ठेवा: मूळ सेटिंगमध्ये झोपू शकणाऱ्या अलोकेशनना आणि एकट्या पेजच्या मागणीला अपयश दिलंच जात नाही. डीबग-एफएसमध्ये (कर्नलच्या डीबग सेटिंगच्या फोल्डरमध्ये) इग्नोर-जीएफपी-वेटला ‘एन’ आणि मिन-ऑर्डरला ० केल्याशिवाय तासभर चाचणी चालवून ‘सगळं ठीक’ म्हणाल. मी म्हणालो आहे.

६. पुसा, फ्लश करा, मग सोडा

पेज टेबलमधली नोंद पुसायची, टीएलबी फ्लश करायचं, आणि मगच पेज सोडायचं. पॅचने यातली कोणतीही ओळ हलवली असेल तर क्रम पुन्हा मांडून बघा. आधी सोडलं तर दुसऱ्या सीपीयूच्या टीएलबीत जुनी नोंद असते आणि तो दुसऱ्याच्या झालेल्या पेजमध्ये लिहू शकतो. लॉकच्या संदर्भातही हा क्रम बघायचा. २०१८ मध्ये एमरीमॅपमध्ये सापडलेली सुरक्षेची त्रुटी हीच होती: फ्लश होत होतं, पण पेज टेबलचं लॉक सोडल्यानंतर. लॉक सुटणं आणि फ्लश होणं यांच्या मधल्या क्षणात दुसरा कोणी ते पेज मोकळं करू शकायचा.

लॉकशिवाय वाचलेल्या मूल्यांबाबतही असंच. जुना कोड नोंद एकदा वाचून लोकल व्हेरिएबलमध्ये ठेवत होता आणि नवा मदतनीस ती पुन्हा वाचत असेल, तर दोन वाचनांत दोन वेगळी उत्तरं येऊ शकतात.

७. सीमा, प्रकार आणि परत येणारं मूल्य

व्हीएमएचा शेवट त्या पट्ट्यात धरला जात नाही, पण मेपल ट्रीतला शेवट धरला जातो. दोन्ही जगांच्या सीमेवरच्या प्रत्येक फंक्शनात ‘उणे एक’ आहे का बघा.

पेजेसची संख्या इंटमध्ये ठेवून बाइट काढायला डावीकडे शिफ्ट केली, तर ४ केबीच्या पेजवर ५,२४,२८८ पेजेसला, म्हणजे बरोबर २ जीबीला, हिशेब उलटतो. ६४ केबीच्या पेजवर ही वेळ ३२,७६८ वरच येते. मदतनिसाचा पॅरामीटर जुन्या व्हेरिएबलच्याच प्रकाराचा आहे ना?

शून्य म्हणजे यश असलेलं इंट फंक्शन ट्रू म्हणजे यश असलेलं बूल झालं, तर बोलावणाऱ्या सगळ्या जागा एकेक करून बघा. कंपायलर चकार शब्द काढत नाही.

८. बांधा आणि चालवा

मालिकेतला प्रत्येक पॅच वेगळा बांधला गेला पाहिजे. गिट रीबेसला एक्झेक पर्याय देऊन रात्रभर लावून द्या, नाहीतर पुढे बायसेक्ट करणाऱ्याचे (चूक आणणारा पॅच शोधणाऱ्याचे) शाप लागतात. मी निदान एवढ्या बांधण्या करतो: नेहमीची ६४-बिट, हायमेम (कर्नलने कायम मॅप न केलेली मेमरी) असलेली ३२-बिट, एमएमयू (पत्ते भाषांतरित करणारं हार्डवेअर) नसलेली, आणि ह्यूज पेज, नुमा (सीपीयूंमध्ये विभागलेली मेमरी) व मेमरी कंट्रोल ग्रुप बंद असलेली. शक्य असेल तर ६४ केबी पेजची आर्म बांधणीही.

चालवताना डीबग व्हीएम, लॉकडेप आणि केसॅन (मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं साधन) चालू ठेवा, आणि एमएमच्या सेल्फटेस्ट पॅचच्या आधी आणि नंतर दोन्ही वेळा चालवा. आधीच पडणारी चाचणी पॅचच्या माथी मारू नये. व्हीएमएच्या कोडसाठी युजरस्पेसमध्ये चालणाऱ्या वेगळ्या चाचण्याही आहेत, त्या काही सेकंदांत होतात. फॉल्टच्या वाटेवरचा कोड असेल तर वेग डीबग बंद असलेल्या बांधणीवर मोजा. इनलाइन असलेलं फंक्शन बाहेर पडलंय का हे ब्लोट-ओ-मीटर सांगतं.

९. शेरा लिहिताना

‘हे बरोबर वाटत नाही’ असं लिहू नका. ‘इथे लॉक सुटतं, तोवर दुसरा थ्रेड अनमॅप करू शकतो, मग पुढच्या ओळीतली व्हीएमए मुक्त झालेली असेल, माझं काही चुकतंय का?’ असं लिहा. अर्ध्या वेळा चुकत असतंच, आणि वर कुठेतरी धरलेलं एखादं लॉक पॅच पाठवणारा दाखवतो. तेव्हा ते उत्तर टिप्पणी म्हणून कोडमध्ये घालायला सांगा, कारण तुम्हाला पडलेला प्रश्न पुढच्यालाही पडणार. अडवणारे मुद्दे आणि नावांची आवडनिवड वेगळी ठेवा; नावांवरून तीन फेऱ्या झालेल्या मालिकेत चौथ्या फेरीला लॉककडे कोणी बघत नाही.

दुसरी आवृत्ती आली की सगळं पहिल्यापासून वाचू नका. गिटच्या रेंज-डिफने दोन्ही मालिका ताडून पाहा आणि फक्त बदललेलं वाचा. तुमच्या मुद्द्याच्या दुरुस्तीबरोबर न मागितलेलं काही आत आलंय का, ते तिथे लगेच दिसतं. मग रिव्ह्यूड-बाय (‘मी तपासलं’ अशी नावासह नोंद) द्या, पण जेवढं तपासलं तेवढ्यालाच. सात पॅचपैकी पाच नीट वाचले असतील तर पाचांनाच द्या, आणि एस३९०चा (आयबीएमच्या मेनफ्रेम आर्किटेक्चरचा) भाग मला कळत नाही, तो जाणकाराने बघावा, असं लिहून टाका.